१८४३ की १८५३?

महोदय,

दरवर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाचे लेख छापून येतात, तेव्हा विष्णुदास भावे यांचा १८४३ सालचा ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग आणि धंदेवाईक मराठी नाटकाचा आरंभ या दोन गोष्टी सर्रास एकच मानल्या जातात. वस्तुतः त्यांच्यात दहा वर्षांचे आणि सांगली ते मुंबई एवढे अंतर आहे.

सांगलीचा प्रयोग तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या इच्छेने आणि आश्रयाने झाला. तिथे तिकिटाचा प्रश्नच नव्हता. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, दरबारचा आधार सुटला आणि मंडळीच्या पोटासाठी भाव्यांना दौऱ्यावर निघावे लागले. १८५३ मध्ये ते मुंबईस पोहोचले, तेव्हा पैसे घेऊन खेळ लावता येईल असे थिएटर तिथे उभे होते, आणि हा योग मला भाव्यांच्या कल्पकतेइतकाच मोलाचा वाटतो. इंग्रजांनी १७७६ मध्ये कोटातल्या (आजच्या फोर्ट भागातल्या) मैदानावर वर्गणीतून बांधलेले जुने थिएटर कर्जापायी १८३५ मध्ये विकले गेले होते. पुढे जगन्नाथ शंकरशेट यांनी ग्रँट रोडवर जागा दिली आणि १८४६ मध्ये नवे थिएटर उघडले. ते कोटापासून लांब पडत असल्याने साहेबलोकांची वर्दळ ओसरली (त्या काळी संध्याकाळी तेवढ्या दूर बग्गी हाकणे नकोसेच वाटत असणार) आणि भोवतालच्या वस्तीतला देशी प्रेक्षक खुर्च्यांवर येऊन बसला. भाव्यांनी मार्चमध्ये तिथे खेळ केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पारशी मंडळीचे गुजराती नाटकही तिथेच रंगले.

आपल्या कोल्हापुरात पाहावे तर दरबार आणि तिकीट एकत्र आले. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभारले, ते संस्थानच्या खर्चाने. मात्र नाटक कंपन्या जगल्या त्या गल्ल्यावर. ज्यांचे नाव पुढे त्या वास्तूला मिळाले, त्या केशवराव भोसल्यांची १९०८ साली स्थापन झालेली ‘ललितकलादर्श’ही तशीच चालली.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झालेल्या या नाट्यगृहात पुन्हा इतिहासाचे फलक लागतील, तेव्हा १८४३ पुढे ‘मराठी नाटक’ लिहावे आणि ‘धंदेवाईक नाटक’ लिहायचे असल्यास त्यापुढे १८५३, मुंबई असे नोंदवावे, एवढीच विनंती.

आपला,
एक नाट्यरसिक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर