‘फुकट आहे’ एवढ्याने भागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विंडोज १०ची नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. तेव्हापासून आमच्या आळीतले तीन लॅपटॉप माझ्याकडे येऊन गेले. विंडोज ११ त्यांच्यावर चढत नाही आणि दुकानदार म्हणतो, नवाच घ्या. मी निवृत्त शिक्षक, बरीच वर्षे घरी विंडोजऐवजी लिनक्स ही जुन्या लॅपटॉपवरही चालणारी मुक्त कार्यप्रणाली वापरतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रचाराला अशी नामी संधी पुन्हा येणार नाही. पण आम्ही प्रचारक मंडळी ती हमखास घालवतो. त्यात मीही आलो, म्हणून हे पत्र.

आमचा पहिला मुद्दा ठरलेला : हे फुकट आहे. पण तालुक्याच्या गावात फुकटाचे कौतुक कोणाला? चोरीचे विंडोज, चोरीचे ऑफिस, चोरीचे फोटोशॉप, सगळे दोन-तीनशे रुपयांत ‘टाकून’ मिळते. हे बेकायदा आहे म्हटले, की रात्री अकराला रिकाम्या चौकात सिग्नलला थांबा म्हणणाऱ्याकडे पाहावे तसे लोक पाहतात.

दुसरा मुद्दा स्वातंत्र्याचा. अमेरिकन प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये ग्नू हा मुक्त कार्यप्रणाली घडवण्याचा प्रकल्प जाहीर केला. प्रोग्राम वापरा, त्याचा अभ्यास करा, बदला, वाटा, ही त्यामागची भूमिका मला मनापासून पटते. इंग्रजीत ‘फ्री’ या शब्दाने घोळ होतो, मराठीत ‘मुक्त’ वेगळे आणि ‘मोफत’ वेगळे, ही आपली सोयही आहे. हे सारे मी एका बचत गटाच्या खजिनदार बाईंना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि चहा दिला.

त्यांच्या लॅपटॉपवरचे विंडोज पुसून मी लिनक्सचाच एक प्रकार, लिनक्स मिंट, बसवले. दोनच दिवसांत बाई परत आल्या. गटाचे जुने ठराव उघडले, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी! ते युनिकोडच्या (कोणत्याही संगणकावर मराठी नीट दिसावी यासाठीच्या प्रमाण पद्धतीच्या) आधीच्या जातीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले होते आणि तो फॉन्ट विंडोजबरोबर मीच पुसला होता. शेवटी झेरॉक्सवाल्याकडून फॉन्टची फाइल आणून बसवली, तेव्हा ठराव वाचता आले. (तो फॉन्ट मुक्त नव्हता, हे मी मुकाट्याने गिळले.) बाईंचा विश्वास मात्र तेवढ्याने परत आला नाही.

दुसरा लॅपटॉप सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालांचा. त्यांना हवी होती पुस्तकांची यादी, बाकी काही नाही. विंडोजला हात न लावता मी फक्त लिबरऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलची कामे करणारे मुक्त सॉफ्टवेअर, बसवले आणि टूल्स, ऑप्शन्समध्ये जाऊन फाइल आपोआप वर्ड-एक्सेलच्या प्रकारात साठेल अशी व्यवस्था केली. हे न केल्यास तालुक्याच्या कचेरीतून ‘तुमची फाइल उघडत नाही’ असा फोन येतो आणि प्रचार तिथेच संपतो. व्हिडिओ पाहण्याचे व्हीएलसी आणि इंटरनेटसाठीचे फायरफॉक्स त्यांच्याकडे आधीपासूनच होते; तीही मुक्तच, हे मी सांगितले. ‘म्हणजे हे पण त्यातलेच?’ त्यांनी विचारले. माझ्या सगळ्या भाषणांनी झाले नव्हते ते या एका प्रश्नाने झाले. तीन महिन्यांनी त्यांनीच लिनक्सची चौकशी केली. काही न पुसता ते पेनड्राइव्हवरून चालवून दाखवले, आठवडाभर वापरू दिले, मगच बसवले.

तिसरा लॅपटॉप टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराचा. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, म्हणून तो मी तसाच परत केला. ज्याचे काम अडेल त्याला आग्रह करू नये.

अभियांत्रिकी महाविद्यालयांत लिनक्स बसवून देण्याचे मेळावे होतात. ते चांगलेच, पण सोमवारी प्रिंटर चालला नाही तर विचारायचे कोणाला? केरळच्या सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर टिकले, कारण तिथे शिक्षकांना प्रशिक्षण देणारी ‘काइट’ ही सरकारी यंत्रणा पाठीशी आहे. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात लिबरऑफिसचे छोटे छोटे धडे मराठीतून आहेत. किती शिक्षकांना ते ठाऊक आहेत?

सध्या दर शनिवारी पाच ते सात मी आमच्या वाचनालयात बसतो. जुना लॅपटॉप घेऊन कोणीही यावे. येताना चार्जर आणावा आणि जुन्या मराठी फाइल कोणत्या फॉन्टमधल्या आहेत, तेवढे घरून पाहून यावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, वाई