'थर्टीन'ला दोन ओळीत उडवू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जुने बँड परत एकत्र येतात त्यावरचा लेख वाचला. ब्लॅक सॅबथ या ब्रिटनच्या हेवी मेटल बँडच्या 'थर्टीन' अल्बमला त्यात दोन ओळीत निकालात काढलंय, म्हाताऱ्यांनी पैशासाठी केलेला उद्योग म्हणून. आणि बाकी निम्मा लेख त्यांचा गायक ऑझी ऑस्बॉर्नने स्टेजवर वटवाघळाचं मुंडकं चावलं त्याच्यावर. २२ जुलै २०२५ ला ऑझी गेला तेव्हापण सगळीकडे तेच वटवाघूळ, लोकांना दुसरं काही दिसतच नाही काय वो?

मी उद्यमबागेत मशीन शॉपला आहे म्हणून मला हा बँड जरा जास्तच जवळचा. ही पोरं बर्मिंगहॅमच्या अॅस्टनमधली, आजूबाजूला सगळे कारखानेच. गिटारवाला टोनी इओमी १७ वर्षांचा असताना शीट मेटलच्या कारखान्यात होता, नोकरीचा शेवटचा दिवस, प्रेस मशीनवरची रोजची बाई आली नाही म्हणून याला बसवला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. माणूस डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. आमच्याकडे प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हात बटणावर असले की बोट आत जायचा प्रश्नच नाही, पण माल अर्जंट असला की एका बटणावर चिकटपट्टी मारून काम रेटणारे मी डोळ्यांनी बघितलेत, त्यामुळे ही गोष्ट मला पेपरातली वाटत नाही. तर या बाबाने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, बारीक तारा लावल्या, पुढे १९७१ च्या अल्बमला त्या आणखी सैल करून खालच्या सुरात नेल्या, आणि तो जो जड आवाज निघाला त्यावर पुढच्या कितीतरी बँडांचं दुकान चाललंय. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व, टीबीने एक फुफ्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणं बंद, आणि परत आले ते छोट्या छोट्या ताना घेऊन वेगळंच गाणं घेऊन. तिथं आपण मान डोलावतो, मग इकडं नाक का मुरडायचं? (तुलना केली म्हणून गाण्यातल्या जाणकारांनी रागवू नये.)

आता अल्बमचं. २०११ च्या नोव्हेंबरात एकत्र येतोय म्हणून जाहीर केलं आणि २०१२ उजाडताच इओमीला लिम्फोमा निघाला. कॅन्सरची ट्रीटमेंट घेत घेत त्याने हे रेकॉर्डिंग केलंय. नुसता पैसाच पाहिजे होता तर जुनी गाणी घेऊन टूर काढायची होती की, १९९७ पासून ते तसं करतच होते. ऑझीसोबतचा १९७८ नंतरचा हा पहिला स्टुडिओ अल्बम, जून २०१३ ला आला, ब्रिटनमध्ये एक नंबरला गेला, त्याआधी तिथं एक नंबर मिळाला होता तो १९७० ला, आणि अमेरिकेत तर पहिल्यांदाच.

आठच गाणी, त्यातली पहिली दोन आठ-आठ मिनिटांच्या वर. ऑझीचा आवाज खाली आलाय, वरच्या पट्टीत जातच नाही, ते मान्य. पण गिटार सुरुवातीला रांगत रांगत येते आणि मधेच अचानक पळायला लागते तिथं आपलंपण डोकं हलतंच. गीझर बटलरचा बेस गिटार मोबाईलच्या स्पीकरवर कळणार नाही, डॉल्बी नको पण जरा बरा स्पीकर लावा. अगदी शेवटी पाऊस, गडगडाट, घंटा, त्यांचा १९७० चा पहिला अल्बम जसा सुरू होतो तसाच आवाज.

खरी तक्रार वेगळीच आहे आणि ती लेखात नाहीच. ड्रमवर बँडचा मूळ ड्रमर बिल वॉर्ड नाही. कॉन्ट्रॅक्टच्या अटी पटल्या नाहीत म्हणून तो २०१२ मध्ये बाहेर राहिला आणि त्याच्या जागी ब्रॅड विल्कला घेतलं. विल्कचा हात साफ आहे, चुकत कुठंच नाही, पण वॉर्ड जाझ ऐकून तयार झालेला, त्याचा ठोका डोलतो, याचा सरळ जातो. मिरवणुकीत ढोल सगळे मंडळाचे आणि ताशावाला तेवढा भाड्याने आणलेला, तसं वाटतं. पैशावरून बोलायचंच होतं तर इथं बोलायचं होतं.

आणि ५ जुलै २०२५ ला अॅस्टनमध्येच, व्हिला पार्कवर चौघं परत एकत्र वाजले, वॉर्डसकट, ऑझी खुर्चीत बसून गायला. त्या कार्यक्रमाचा पैसा पार्किन्सन्सच्या कामाला आणि लहान मुलांच्या हॉस्पिटलला द्यायचा ठरला होता. याचीपण एक ओळ लेखात बसली असती की.

बिल वॉर्डवर कोण लिहिणार असेल तर लिहून घ्या. नसेल कोण तर मी देतो लिहून, किती शब्द पाहिजेत तेवढं कळवा.

आपला,
एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव