रात्री पावणेतीनले तू ऑनलाईन होता

चि. गोलूस अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेले तू न जेवता एसटीत बसला तवापासून तुही आई माह्याशी कामापुरतंच बोलते, म्हनून हे टाईप करून राह्यलो, चष्मा नाही तं चुका होतीन. गेमबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसलो. फक्त एक सांग, रात्री झोपतो का तू?

इचारायचं कारन असं का काल आपली रात्रीची विजेची लाईन होती. हरभऱ्याले पानी देत होतो, पावणेतीन वाजले, मोटर चालू, पाय चिखलात, सहज मोबाईल काढला तं तुह्या नावाखाली ऑनलाईन. मी तसाच पाहत उभा राह्यलो. दांड फुटला अन् पानी काकाच्या वावरात शिरलं तवा भान आलं. आता तो सकाळी भांडाले आलाच, ते जाऊ दे. मले तं लाईन रात्री देतेत म्हनून मी जागा. तू काहून जागा होता?

जावयासमोर तुले व्यसनी म्हनलो ते चुकलं. गेममधी 3,800 रुपये गेल्याचा राग होता, पहिल्या वेच्याच्या कापसाचे पैसे होते, अन् त्यात आलं काय तं बंदुकीले रंग. खरी बंदूक असती तं डुकरं तरी पयाली असती. बरं बरं, नाही बोलत.

तू म्हनला, "बाबा, तुमचा तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटला का?" ते जिव्हारी लागलं. मंग आबाच्या बीपीच्या गोळ्या आनाले दवाखान्यात गेलो तं तिथल्या समुपदेशन करनाऱ्या मॅडमले इचारलंच, हे गेमचं खरंच दुखनं असते का आमीच पोट्ट्याईच्या मागं लागतो. त्या म्हने जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मधी आजाराच्या यादीत घेतलं, 2022 पासून ती यादी लागू झाली. पन खेळनारे सारेच बिमार नसतेत. खेळनं आपल्या हातात राहत नाही, बाकी सारं त्याच्या मागं पडते, नुकसान दिसूनही सुटत नाही, अन् हे साधारन 12 महिने चाललं तं मंग आजार म्हनतेत. मी तिथंच बोटं मोजली. तुही दोन मुडपली, तिसऱ्यापाशी अडलो. घरी येता येता खर्र्यावर मोजलं तं तिन्ही मुडपली, अन् 12 महिने नाही, 22 वर्षं. मॅडमले सांगाची सोय नव्हती, तोंडात तवाही होताच.

अजून एक बोलल्या त्या, काही जानकार म्हनतेत का दुखनं आतमधी दुसरंच असते, पोरगं उदास असते, गेम फक्त वरून दिसतो. तवापासून माह्या डोक्यात तेच आहे. तुले काही तरास आहे का रूमवर? पेपर राह्यला का एखादा? राह्यला तं राह्यला, सांग.

मोबाईल तं मीच घेऊन देल्ला, 2020 मधी, शाळा बंद होत्या, दोन बकऱ्या इकून. टाकीवर चढल्याशिवाय नेटवर्क भेटे नाही, तुही आई खाली छत्री घेऊन उभी राहे. तवा तिले कौतुक होतं अन् मलेही. कॉलेजात त्याच गेमचा दुसरा नंबर आला तं तो कप मी पानठेल्यावर नेऊन दाखवला होता, हे तुले म्हाईत नाही. मंग दोष कोनाचा धरू? कंपनीवाले तं आपल्या पानठेलेवाल्याचे बाप आहेत, रोज उघडलं तं बक्षीस, एक दिवस चुकला तं गेलं. चीनमधी 2021 पासून 18 च्या खालच्या लेकराईले शुक्रवार, शनिवार, रविवार अन् सुट्टीच्या दिवशी रात्री 8 ते 9 एवढंच खेळू देतेत. तू 20 चा, तुह्यावर कोन पहारा देईन? कंपनीचा किती, माहा किती, तुहा किती, ही वाटनी कोन करन, आपल्याच्यानं काकासोबत एका धुऱ्याची वाटनी 11 वर्षांत झाली नाही.

पाय, पुन्हा भाषन झालं. माफ कर.

मधल्या खोलीत कापूस आढ्याले टेकला आहे. लहानपनी तू त्यातच लोळे अन् तिथंच झोपून जाय, रात्री अंगाले खाज सुटली का रडत उठे, मंग मी खोबरेल तेल लावून देत होतो. पाठ इकडे, तोंड तिकडे, तेल लावता लावताच पुन्हा झोपी जाय. तशी झोप मी दुसऱ्या कोन्या लेकराची पाह्यली नाही.

या हप्ताभर रात्रीचीच लाईन आहे. तू दिसला तं फोन लावीन, उचलजो, गेमचं नाव काढनार नाही. खर्रा सोडतो असं काही लिहत नाही, तुले खोटं वाटन. पन रात्रीच्या पान्याच्या वेळी नेत नाही आता सोबत, दोन रात्री झाल्या, डोकं लय धरते.

आईनं चिवडा अन् तिळाची चटनी सकाळच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देल्ली. डबा स्टीलचा आहे, ताईच्या लग्नातला, वापस पाठवजो.

तुहा बाबा