जॉर्डनमधल्या मफ्रकच्या खालांना, मिरजेहून

खाला, सलाम.

हे पत्र मी मराठीत लिहितेय. आमच्या गल्लीतले मौलाना त्याचं अरबी करून देणार आहेत. वरचा शब्द ऐकूनच ते हसले. म्हणाले, "हे तसंच राहू दे, तिकडेही मावशीला खालाच म्हणतात." मला ठाऊक होतं. तुमच्याकडेच कळलं होतं.

खरं तर हे सगळं मी जॉर्डनहून आल्याआल्या चर्चमध्ये सांगणार होते. रविवारी माझी साक्ष होती, म्हणजे आपला अनुभव मंडळीसमोर उभं राहून सांगायचा. भक्तीच्या आधी मंडळीतल्या एका वडिलांनी बाजूला घेऊन सुचवलं, "आजारपणाचं थोडक्यात घे, सेवेवर बोल." घेतलं थोडक्यात. दहा मिनिटं बोलले आणि त्यात तुम्ही आलात एका वाक्यापुरत्या: 'शेजारच्या बाईंनीही मदत केली.' ते 'ही' अजून घशात अडकलंय.

2024 चा मार्च, नुकताच रमजान लागलेला. आमची टीम तीन आठवड्यांसाठी आली होती. मी नर्स, त्यामुळे दवाखान्यात बीपी, शुगर, ड्रेसिंग. जवळच जातारीची छावणी, 2012 पासूनची, सुमारे 80 हजार सीरियन माणसांची. आणि छावणीबाहेर भाड्याच्या खोल्यांतून राहणारे त्याहून कितीतरी जास्त, तुमच्यासारखे. निघण्याआधीच आम्हाला बजावलं होतं, तिथे मुसलमानांत धर्मप्रसाराला मनाई आहे, पत्रकं नेऊ नका. मला उलट बरंच वाटलं. बीपी बघायला पत्रक कशाला लागतं?

आठव्या दिवशी माझं पोट बिघडलं. उलट्या, जुलाब, अंगात ताप. टीमची पेत्राची सहल आधीच ठरलेली, गाडीचे पैसे भरलेले. सगळे गेले. दुपारी मेसेज आला, 'प्रार्थनेत तुझी आठवण करतोय.' त्याच्याखाली गुलाबी दगडांचे सात फोटो. आदल्याच संध्याकाळी आमच्या लीडरनी बायबलमधला चांगल्या शोमरोन्याचा दाखला घेतला होता, वाटेत पडलेल्या माणसाला पाहून याजक पलीकडच्या बाजूने निघून जातो तो. छान बोलले होते. असो.

तुम्ही भिंतीपलीकडून माझ्या उलटीचा आवाज ऐकून आलात. बोलणार कुठल्या भाषेत? तुमची साबून, माझा साबण. तुमची कुर्सी, माझी खुर्ची. दवा तर दोघींची एकच. तेवढ्यावर आपलं तीन दिवस भागलं. तुम्ही रॉकेलचा सोबा, खोली ऊबदार ठेवायची ती शेगडी, उचलून माझ्या खोलीत आणून ठेवलात, आणि त्या रात्री तुमच्या खोलीत काय पेटवलंत ते मी विचारलंही नाही. मार्चमध्ये तिथे केवढी थंडी असते!

तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही मसुरीच्या डाळीचं सूप आणलंत. जिरं घातलेलं, वर लिंबू पिळलेलं. तुमचा रोजा, त्यामुळे मीठ चाखता येईना. वाडगा माझ्या हातात देऊन तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत बसलात. मी एक घोट घेतला आणि आपल्या सवयीने मान डोलावली, म्हणजे झकास झालंय. तुम्हाला वाटलं, नको म्हणतेय. वाडगा काढून घेतलात, मीठ घालून परत आणलात. मी पुन्हा मान डोलावली. पुन्हा मीठ! तिसऱ्यांदा मात्र मी मान ताठ धरून गुपचूप सगळं प्यायले. खारट लागलं, पण जुलाबात मीठ पोटात गेलेलं चांगलंच, असं मनाशी म्हटलं.

संध्याकाळी मगरिबची अजान झाली. जेमतेम पाच मिनिटं झाली असतील, तोच तुम्ही धावत आलात. एका हातात अर्धा खाल्लेला खजूर, दुसऱ्या हाताने कपाळ बडवताय. तुमच्या पातेल्यातलं पहिलं चमचाभर सूप तोंडात गेल्यावर तुम्हाला मिठाचा उलगडा झाला होता. पहाटेपासून पाण्याचा थेंब नव्हता पोटात. ताट तसंच टाकून आलात, माझी माफी मागायला. मग मी मान डोलावून दाखवली, तुम्हीही डोलावून बघितलीत, आणि आपण दोघी इतक्या हसलो की तुमची सून बघायला आली.

सीरियातलं दरआचं घर सोडून, अकरा-बारा वर्षं परक्या गावात काढलेल्या बाईला माझ्या तोंडच्या चवीची एवढी काळजी! गॅससाठी पाच दिनार पुढे केले, तर माझीच मूठ मिटवून परत पाठवलीत.

आमच्या मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी 1894 साली मिशनचं इस्पितळ काढलं. माझी आई तिथेच जन्मली, मी नर्सिंग तिथेच शिकले. त्या साहेबलोकांनी आमच्यासाठी काय केलं ते आम्हाला तोंडपाठ आहे. पण तेही कधी तापाने पडले असतीलच की. तेव्हा कुणीतरी शेजारीण पेज घेऊन गेली असेल, हिंदू म्हणा, मुसलमान म्हणा. तिचं नाव मी तरी कुठे वाचलेलं नाही. सेवा करायला निघालेल्यांचे अहवाल आम्ही जपून ठेवतो. त्यांना कुणी जेवू घातलं, ते आमच्या साक्षीत एका वाक्यात उरकतं. त्यात मीही आलेच.

ओळखीतला एकजण पुढच्या महिन्यात अम्मानला निघालाय. त्याच्याजवळ पत्राबरोबर सांगलीची हळद आणि तासगावचे बेदाणे देतेय. हळद डाळीत चिमूटभरच टाका, रंग फार धरते. मौलाना विचारताहेत, 'मान डोलावली' याला अरबीत काय लिहू. मी म्हटलं, काहीही लिहा, त्यांना कळेल.

तुमची,
मिरजेची नर्स