पाळीत बसेल असा प्रोग्रॅम निवड

सांगली

प्रिय सुहास,

वेटलिफ्टिंगचा कोणता सराव प्रोग्रॅम घ्यावा म्हणून तू पाठवलेल्या तिन्ही फाइल्स आणि स्नॅचचा, म्हणजे बार एका दमात डोक्यावर नेण्याचा, व्हिडिओ नीट पाहिला. फोनवर हे सगळं बोलून होणार नाही, म्हणून लिहितोय.

बल्गेरियन पद्धतीची फाइल आधी बाजूला ठेव. तुला तीच सगळ्यात आवडलीय, हे कळतं मला. इव्हान अबाजिएव्ह यांनी त्या पद्धतीनं बल्गेरियाला जगात वर आणलं, यात वाद नाही. व्यायाम मोजकेच, पण दिवसातून अनेक सत्रं आणि रोज कमाल वजनापर्यंत जायचं. मात्र ती पोरं लहानपणापासून निवडलेली, सरकारी खर्चानं राहणारी. दोन सत्रांच्या मधे झोपणं हेच त्यांचं काम. शिवाय 1988 ला सेऊल ऑलिंपिकमध्ये त्यांचे दोन सुवर्णविजेते डोपिंग चाचणीत अडकले आणि संघानं स्पर्धेतून माघार घेतली. तू कंपनीत तीन पाळ्या करतोस आणि रात्रपाळीनंतर दुपारी चार तास झोपतोस. रोजचं कमाल वजन तुझ्या खांद्यांना महिनाभरही सोसणार नाही.

कमाल वजनाची जोखीम स्पर्धेत घ्यावी. आपल्या वेटलिफ्टर संकेत सरगरचंच बघ. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात त्यानं स्नॅचमध्ये 113 आणि क्लीन अँड जर्कमध्ये (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) 135, म्हणजे एकूण 248 किलो उचलले. पुढे 139 च्या प्रयत्नात कोपर दुखावलं आणि सुवर्ण एका किलोनं हुकलं. तिथं पदक समोर होतं, ती जोखीम रास्तच होती. आठवड्यातल्या साध्या सरावात कोपर पणाला लावायचं काय कारण?

आता तुझे आकडे. स्नॅच 60 किलो, क्लीन अँड जर्क 85, बॅक स्क्वॉट (बार पाठीवर घेऊन बैठक) 130. स्नॅच साधारण क्लीन अँड जर्कच्या 80 टक्के असावा, म्हणजे तुझा 68 च्या आसपास हवा. आणि 130 स्क्वॉट मारणाऱ्यानं क्लीन अँड जर्क शंभरापर्यंत न्यायला हवा. म्हणजे पाय तयार आहेत, अडलंय ते तंत्राशी. म्हणून दुसरी फाइल, आठवड्यातून तीनदा जड स्क्वॉटवाली, तीही नको. तिनं स्क्वॉट 140 होईल आणि स्नॅच साठावरच राहील.

व्हिडिओत बार गुडघ्याच्या वर येताच तू हात वाकवतोस. मांडीला लागून वर जायच्या ऐवजी बार पुढे सुटतो आणि तो पकडायला तुला पुढे उडी मारावी लागते. पाचही लिफ्टमध्ये टाचा आधीच्या जागेच्या पुढे पडल्यात. फरशीच्या रेषेवर बघ, स्पष्ट दिसतं. याला वजन वाढवणं हा उपाय नाही. गुडघ्याशी दोन सेकंद थांबून केलेला स्नॅच, स्नॅच पुल (बार नुसता वर खेचणं) आणि ओव्हरहेड स्क्वॉट (बार डोक्यावर धरून बैठक) हे तुझ्या प्रोग्रॅममध्ये हवेतच. मीराबाई चानूचाही स्नॅच मागे होता. 2021 ला ताश्कंदमध्ये तिनं क्लीन अँड जर्कचा 119 चा विश्वविक्रम केला तेव्हा स्नॅच 86 होता, जेमतेम 72 टक्के. त्याआधी 2020 मध्ये खांदा आणि पाठीच्या दुखण्यावर काम करायला ती अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट आरोन हॉर्शिग यांच्याकडे जाऊन राहिली होती. जागतिक दर्जाची खेळाडू कच्च्या बाजूसाठी इतका वेळ देते, मग आपणही द्यावा.

राहिली तिसरी फाइल, आठवड्याला तीन दिवसांची. ती घे, पण एक बदल कर. तिच्यात तीन आठवडे चढते आणि चौथा हलका आहे. तुझी पाळी मात्र दर आठवड्याला बदलते आणि तीन आठवड्यांनी चक्र पुरं होतं. तेव्हा पहिली आणि दुसरी पाळी चढती, रात्रपाळी हलकी, असं चक्र लाव. चार चक्रांत बारा आठवडे होतात.

किती लिफ्ट करायच्या, त्याला सोव्हिएत प्रशिक्षक प्रिलेपिन यांचा तक्ता अजून उपयोगी पडतो. त्यांनी चांगल्या खेळाडूंच्या सरावाच्या नोंदींवरून तो बांधला. आपल्या कमाल वजनाच्या 70 ते 80 टक्क्यांमध्ये एका सत्रात साधारण 18 लिफ्ट, 80 ते 90 मध्ये 15. तुझ्या स्नॅचपुरतं सांगतो: पहिल्या पाळीत 45 किलोवर तीन-तीनचे सहा सेट. दुसऱ्या पाळीत 48 ते 51 किलोवर दोन-दोनचे सहा सेट; 15 ला पोचायची घाई नको. रात्रपाळीत 42 किलोवर मोजून 12 लिफ्ट, त्याही गुडघ्याशी थांबून, आणि घरी. क्लीन अँड जर्कला हेच टक्के लाव. स्क्वॉट आठवड्यातून दोनदा पुरे, त्यातला एक फ्रंट स्क्वॉट, म्हणजे बार पुढे खांद्यांवर धरून.

एकाच सत्रात दोन लिफ्ट चुकल्या तर पाच किलो उतरव. झोप झाली नसेल तर फाइलमधल्या आकड्यापेक्षा त्या दिवशीच्या अंगाचं ऐक. आणि कुणी नवीन प्रोग्रॅम पाठवला तर बारा आठवडे संपेपर्यंत उघडूसुद्धा नकोस. दर पंधरा दिवसांनी प्रोग्रॅम बदलणारी पोरं मी तालमीत कायम बघतो. चार-चार वर्षं त्यांचे आकडे तेच असतात. तुझं तसं होऊ नये असं मनापासून वाटतं, कारण तुझ्यात 70 चा स्नॅच नक्की आहे.

येत्या सोमवारी तुझी पहिली पाळी आहे ना? मग तेव्हाच सुरू कर. व्हिडिओ बाजूनं काढ, मोबाइल कमरेच्या उंचीवर ठेव. समोरून काढलेल्यात बारची वाट कळत नाही. पहिल्या आठवड्याचे सेट वहीत लिहून फोटो पाठव, मग स्क्वॉटचे आकडे ठरवू.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीकांत