जखम ओली दिसली तर गोळ्या नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुडघा बदलण्याच्या शिबिरांच्या जाहिराती हल्ली गावोगावी दिसतात. सवलत किती, वाटी देशी की परदेशी, दुसऱ्या दिवशी चालवतात की तिसऱ्या, सगळे त्यात असते. जंतुसंसर्गाबद्दल अवाक्षर नसते. आईच्या वेळी आम्हीही ते विचारले नव्हते, म्हणून हे पत्र.

ऑपरेशन चांगले झाले. टाके काढल्यावर चार दिवसांनी आईच्या परकरावर गुडघ्यापाशी रुपयाएवढा ओला डाग दिसला. पू नाही, वास नाही, तापही नाही. "घाम असेल गं," आई म्हणाली. घराजवळच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या, डाग थांबला. गोळ्या संपल्या, डाग परत आला. असे तीनदा झाले. सर्जनकडे नेले तोवर दोन महिने उलटले होते.

आत काय चालले होते, ते त्यांनी समजावले. पाण्याच्या पिंपात आतून बोट फिरवले की बुळबुळीत थर लागतो ना, तसाच थर जंतू धातूवर आणि प्लास्टिकवर धरतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. हाडामांसात रक्त खेळते, धातूत ते कुठून येणार? औषधाने वरवरचे जंतू मरतात, थराच्या आत सुस्तावलेले तगून राहतात. डाग थांबायचा तो वरचे मेल्यामुळे आणि परत यायचा तो आतल्यांमुळे. हे जंतू बहुधा स्टॅफिलोकोकस जातीचे, आपल्याच कातडीवर आणि नाकात एरवी निमूट राहणारे. एलेक आणि कोनेन या संशोधकांनी १९५७ सालीच दाखवले होते, की नुसत्या कातडीत पू व्हायला लाखो जंतू लागतात, पण तिथे रेशमाचा एक टाका असला तर काहीशेसुद्धा पुरतात. आईच्या पायात तर अख्खा सांधा होता.

पहिल्या काही आठवड्यांत सांधा उघडून, धुऊन, मधले प्लास्टिक बदलून वाटी बऱ्याचदा वाचते. आमची ती वेळ गोळ्यांत गेली. मग वाटी काढून औषध मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा बसवला, शिरेतून इंजेक्शने झाली आणि तीन महिन्यांनी पुन्हा ऑपरेशन. शिवाय आधी गोळ्या पोटात गेल्यामुळे सांध्यातल्या पाण्याच्या तपासणीत जंतूच सापडेना. शंभरात एखाद-दुसऱ्यावरच ही पाळी येते म्हणतात. त्या एखाद्याच्या घरी येऊन पाहावे.

टाळण्यासारखे पुष्कळ असते आणि ते बहुतेक ऑपरेशनच्या आधीचे असते. साखर आटोक्यात आणणे, अंगावर गळू किंवा पायावर जखम असेल तर तारीख पुढे ढकलणे. अँटिबायोटिकचा पहिला डोस चिरा देण्याआधीच्या दोन तासांत जायला हवा. नंतर आठवडाभर गोळ्या देऊन ती कसर भरून निघत नाही. केस ब्लेडने काढू नयेत, काढायचेच तर क्लिपरने, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली स्पष्ट सांगितले आहे. आईच्या पायावर आदल्या रात्री ब्लेडच फिरवले होते. बारीक ओरखडे मी डोळ्यांनी पाहिले आणि गप्प बसले.

२०१७ साली केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. लोकांना मोठा दिलासा मिळाला. आता संसर्गाचाही हिशोब लागावा: वर्षभरात किती गुडघे बसवले आणि त्यांतले किती संसर्गामुळे पुन्हा उघडावे लागले, हे प्रत्येक इस्पितळाने दर्शनी भागात लिहावे. आणि डिस्चार्ज कार्डावर ठळक अक्षरांत एक ओळ छापावी: "जखम ओली दिसली तर कुठलीही गोळी घेण्याआधी या नंबरवर फोन करा." आईच्या कार्डावर टाके काढायची तारीख होती, व्यायामाची चित्रे होती. ही ओळ नव्हती.

आपली,
एक वाचक, कराड