माझ्या वाटणीच्या विड्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

४ फेब्रुवारीला, जागतिक कर्करोग दिनी, आपण छापलेला लेख माझ्या मुलीने मला वाचून दाखवला. ‘गाठ लागली की लगेच दाखवा’ हे अगदी खरं. पण बाई का दाखवत नाही, ते मला लिहावंसं वाटलं.

मी सोलापूरच्या पूर्वभागात राहते, बावीस वर्षं विड्या वळते. छातीतली गाठ दुखत नव्हती, म्हणून चार महिने कुणाजवळ बोलले नाही. वळलेल्या विड्या कारखान्याच्या ब्रँचवर गेल्या नाहीत तर पैसे कुठून यायचे, त्यात दवाखाना, हाच घोर. शेवटी थोरल्या जाऊबाईंनीच ओळखलं. रागावल्या, रडल्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत बार्शीच्या कॅन्सर दवाखान्यात जायला एसटीत बसल्या.

ऑपरेशन झाल्यावर जखमेतलं पाणी जमा होणारी नळीची बाटली घेऊन घरी आले. आमचे हे पॉवरलूमवर टॉवेल विणतात. कधी कपभर चहासुद्धा केला नव्हता. पण सकाळ-संध्याकाळ बाटलीतलं पाणी मोजून मुलीच्या जुन्या वहीत लिहायचे: ८० मिली, ६५, ४०. आकडा उतरला की वही मला दाखवायचे. ती वही मी जपून ठेवली आहे.

दर एकवीस दिवसांनी केमो. फोडणीचा वास आला की उलटी व्हायची, म्हणून जाऊबाई शेजारच्या घरी भाजी फोडणीला टाकून आणायच्या. केस गळाले तेव्हा सासूबाईंनी आपलं नऊवारी फाडून मऊ रुमाल शिवला. आणि माझ्या वाटणीच्या विड्या? रात्री सूप मांडीवर घेऊन जाऊबाई आणि मुलगी वळायच्या. पानं सासूबाई कातरून द्यायच्या, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी.

पुढे आठवड्यातून पाच दिवस शेक, म्हणजे रेडिएशन. सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो, हे कुणी धरतच नाही. आमच्या गल्लीतली एक बाई सिद्धेश्वर एक्स्प्रेसने परळला टाटा रुग्णालयात जाते. स्लीपरमध्ये कॅन्सरच्या रुग्णाला भाडं माफ असतं आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते, हे तिला चौथ्या फेरीला कळलं. अशी माहिती आपण ठळक छापावी, ही विनंती. पैशापायी सोबतीचं माणूस घरी राहिलं, तर बाईही घरीच राहते.

येत्या सोमवारी माझी तपासणी आहे. जाऊबाईंनी डब्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आजच काढून ठेवली आहे.

आपली,
एक विडी कामगार, सोलापूर